चौक्याची खिडकी

ऊसतोडणी सुरू झाली की आमच्या गावात काचा पुसायच्या नसतात, हे मी लग्न होऊन आले त्याच वर्षी ठरवून टाकलं. कारखान्याचं धुराडं गावाच्या अंगावरच आहे. सकाळी लख्ख पुसलेल्या काचेवर दुपारपर्यंत काजळीचे कण येऊन बसतात, आणि ओलं फडकं लावलं की ते पसरून काच आणखी काळी होते. त्यात भर म्हणून कुणी ना कुणी तोडलेल्या उसाचं पाचट पेटवतंच. मी आपली होळीपर्यंत पडदे ओढून मोकळी होते. नवरा फौजेत आहे. सुट्टीवर आला की काचेवर बोटानं स्वतःचं नाव लिहितो, आणि मी म्हणते, लागली तुमची हजेरी, आता आत या.

शेजारच्या आक्काताई मात्र रोज काच पुसतात. सगळ्या नव्हे, एकच, स्वयंपाकघराच्या खिडकीची. इस्लामपूर ते आष्टा या पट्ट्यात जैन शेतकऱ्यांची बरीच घरं आहेत, त्यातलं हे एक. थोडा ऊस, थोडी द्राक्षं, मुलगा भरतेश, सून ब्राह्मी, आणि पासष्टी ओलांडलेल्या आक्काताई. सुरुवातीला मला वाटायचं, बाईला स्वच्छतेचं वेड आहे. मी त्यांना चिडवायचे, "आवं आक्काताई, काच झिजून पडंल एक दिस." त्या हसायच्या आणि पुन्हा फडकं फिरवायच्या.

कारण मला फार उशिरा कळलं, तेही ब्राह्मीकडून. त्यांच्या दिगंबर मुनींचा नेम असा, की दिवसातून एकदाच जेवायचं. तेही उभ्यानं, दोन्ही हातांची ओंजळ करून, आणि पाणीसुद्धा त्याच वेळी काय प्यायचं ते. त्यासाठी घरात शुद्ध स्वयंपाक मांडतात, त्याला चौका म्हणतात. वाढणाऱ्यानं प्रत्येक घास डोळ्यांनी तपासून मगच ओंजळीत ठेवायचा. घासात केस निघाला, मुंगी निघाली, की संपलं. मुनी तिथंच ओंजळ सोडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. याला अंतराय म्हणतात. आणि हे सगळं सूर्याच्या उजेडात, आक्काताईंच्या चौक्यात विजेचा दिवा चालत नाही.

आक्काताईंच्या घरी पूर्वी एकदा मुनींचा आहार झाला होता. म्हणजे सुरू झाला होता. भर हंगामाचे दिवस, खिडकी काजळीनं आंधळी झालेली, आत अंधूक. दुसऱ्याच घासाला भातात केस निघाला. मुनी काही न बोलता निघाले आणि तसेच उन्हातून पुढच्या गावी चालत गेले. आक्काताई त्यांच्या मागून शिवेपर्यंत रडत गेल्या. तेव्हापासून ती काच. मरायच्या आधी एक आहार आपल्या घरात विनाअडथळा पार पडावा, एवढंच त्यांचं मागणं. हे ऐकल्यावर मी चिडवणं बंद केलं. म्हणजे कमी केलं.

यंदा फेब्रुवारीत एक वयोवृद्ध मुनी गावात आले. दोन दिवस मुक्काम, मग पायी पुढं शिरोळकडे. अंगावर सुताचा धागा नाही, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, शरीर म्हणजे नुसती हाडं. थंडीत आम्ही शाली गुंडाळून बघत उभे, आणि ते आपले अनवाणी रस्त्यानं येतायत. माझे हात आपोआप जोडले गेले.

पहिल्या दिवशी ते कुठंच जेवले नाहीत. मनात एखादी खूण धरून ते आहाराला निघतात, म्हणे. अमुक दिसलं तर त्या घरी, नाही दिसलं तर उपास. खूण काय ते कुणाला सांगत नाहीत. सगळ्या चौक्यांपुढून ते चालत गेले आणि रिकामेच मंदिरात परतले. ऐंशीच्या घरातला माणूस, आणि पाणीही नाही. मला भयंकर राग आला. कुणाचा ते मात्र सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्काताईंनी मला हाक मारली. त्यांची अंघोळ झाली होती, चौक्याचं सोवळं नेसून झालं होतं. आता त्यांना बाहेरच्या कशाला हात लावता येणार नव्हता. "राजेश्वरी, भायेरची बाजू तेवढी तू पुसशील का गं?"

मी काचेचं निळं औषध घेऊन पोचले. फवारा मारणार तेवढ्यात आतून ओरडा झाला, "आगं, थांब! कोपऱ्यात कोळी हाय!"

खरंच होता, गव्हाच्या दाण्याएवढा. आक्काताईंनी आतून सांगितलं तसं मी त्याला कागदावर चढवून घेतलं आणि जास्वंदीच्या झाडावर नेऊन सोडलं. औषधाची बाटली परत घरी गेली, कारण तो वास चौक्यात चालायचा नाही. मग सुरू झाली आक्काताईंची रीत. आधी मऊ सुती चिंधीनं कोरडी काजळी वरून खाली झटकायची, दाबायची नाही. मग लिंबाचं पाणी. मग खडूची बारीक पूड लावून वाळू द्यायची, आणि शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यानं गोल गोल पुसायचं. आत त्या, बाहेर मी. त्या बोट ठेवून डाग दाखवायच्या, मी पुसायचे. तो डाग आतला निघायचा, की त्या पुसायच्या. असं करता करता एका क्षणी आमच्यामध्ये काच आहे हेच मला दिसेनासं झालं. मी त्यांच्याकडे बोट नेलं आणि ते काचेवर आपटलं. आक्काताई पोरीसारख्या हसल्या.

आणि मग वारं फिरलं. पलीकडच्या शिवारातून काळा धूर उठला आणि जळक्या पानांचे तुकडे तरंगत गल्लीत यायला लागले. मी मळ्याकडे बघितलं. आमचाच मळा! माझे दीर उदयसिंह यांनी मुहूर्त साधून पाचट पेटवलं होतं. मी फोनवर त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"वहिनी, मला काय ठावं महाराज आल्यात म्हणून!"

"अख्ख्या गावाला ठावं हाय, तुमालाच तेवढं न्हाई! इजवा आधी!"

त्यांनी पंप सुरू करून विझवलं म्हणा, पण काचेवर व्हायचं ते झालंच होतं. गल्लीच्या टोकाला मुनी निघाल्याचा गलका ऐकू आला. मी पदर खोचला आणि पुन्हा पहिल्यापासून, चिंधी, लिंबू, खडू, धोतर. हात भरून आले. जन्मात मी माझ्या घराची काच अशी पुसली नाही आणि पुसेन असं वाटतही नाही.

दारात भरतेश नारळ घेऊन आणि ब्राह्मी पाण्याचा कलश घेऊन उभे होते. मुनी दिसताच त्यांनी म्हणायला सुरुवात केली, "नमोस्तु महाराज, नमोस्तु, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ," म्हणजे इथं थांबा. प्रत्येक दारातून तोच आवाज येत होता. मुनी एकेक दार मागं टाकत आले. आमच्या घरासमोर आले, आणि आक्काताईंच्या दारापाशी थांबले. काय दिसलं त्यांना, कुणास ठाऊक. ब्राह्मीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते आत गेले.

बायकांचा घोळका खिडकीकडे धावला. "बाजूला सरा!" मी ओरडले. "उजेड आडतोय!" दोन्ही हात पसरून मी सगळ्यांना मागं रेटलं आणि स्वतः चौकटीच्या कडेला अंग चोरून उभी राहिले. तिथून मला आतलं सगळं दिसत होतं.

सकाळचं ऊन काचेतून सरळ आत उतरलं होतं, आणि त्या उन्हात मुनी पाटावर उभे होते. ओंजळ पुढं केलेली. हात इतके वाळलेले, की उन्हात बोटांच्या कडा लाल दिसत होत्या. आधी पाणी. ब्राह्मी धार धरत होती आणि ते पीत होते, शांतपणे, जणू काल तहान लागलीच नव्हती. मग दूध, मग भाताचे घास. आक्काताई प्रत्येक घास ताटलीत पसरायच्या, उजेडात धरायच्या, बोटानं उलटायच्या, मग ओंजळीत ठेवायच्या. मी जैन नाही, आमच्याकडे असलं काही नसतं. पण जेवणं ही इतकी मोठी गोष्ट आहे हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

पाच-सात घास झाले. आक्काताईंचा चेहरा हळूहळू सैल होत होता. भरतेशनं द्राक्षांची वाटी पुढं केली, घरच्या बागेतली, सोलून दोन भाग केलेली. आक्काताईंनी चार फोडी बघितल्या आणि ओंजळीत ठेवल्या. मुनींनी ओंजळ तोंडाकडे नेली.

आणि आक्काताईंचा हात हवेत थांबला.

मी त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. ऊन द्राक्षाच्या फोडींतून आरपार जात होतं, त्या काचेसारख्या उजळल्या होत्या, आणि एका फोडीच्या खालच्या अंगाला तांबूस ठिपका हलत होता. मुंगी. रसात चिकटलेली, जिवंत. मुनींना ती दिसली नव्हती, त्यांची नजर अधू झालेली. भरतेशला दिसली नव्हती, ब्राह्मीलाही नाही. मी मनात म्हणाले, आक्काताई, गप्प बसा. देवाची शपथ, गप्प बसा. दोन दिवसांचा उपाशी जीव आहे तो.

"महाराज," आक्काताई म्हणाल्या. "मुंगी हाय."

ओंजळ तोंडापासून एवढ्याशा अंतरावर थांबली. मुनींनी ती खाली घेतली. कपाळाला आठी नाही, तोंडातून निःश्वास नाही. ते सावकाश बसले, ओंजळ जमिनीला टेकवली, बोटं उघडली आणि वाट बघत राहिले. मुंगीला रसातून सुटायला वेळ लागला. थरथरत ती एका बोटाच्या टोकापर्यंत आली, थबकली, आणि फरशीवर उतरली. ती भिंतीकडे चालायला लागली तेव्हाच त्यांनी हात बाजूला घेतले. खोलीत तेवढंच घडत होतं आणि आम्ही सगळे एका मुंगीकडे बघत होतो.

मग त्यांनी हात धुतले, पिंछी उचलली. आक्काताई पायाशी वाकल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर पिंछी नुसती टेकवून नेहमीसारखी उचलली नाही, बराच वेळ तशीच ठेवली. माझ्यासमोरून ते मंदिराकडे गेले. दुपारी ते पुढच्या गावाला चालत निघणार होते.

बायका कुजबुजत पांगल्या, आक्काताईंच्या घरी पुन्हा अंतराय झाला म्हणून. मी तडक आत घुसले. चौका आता मोडलाच होता. आक्काताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीवर. मला इतका संताप आला होता, की त्यांचं वयही मी बघितलं नाही.

"काय केलंसा हे? आवं, दोन दिस पोटात काय न्हाई त्या म्हाताऱ्याच्या! कुनाला दिसली नव्हती ती. त्यास्नीबी न्हाई. गप बसला असता तर तुमचं एवढ्या वर्साचं सपान पुरं झालं असतं, त्यांचं पोट भरलं असतं. कुनाचं काय गेलं असतं?"

आक्काताई रडत नव्हत्या. मला वाटलं होतं, मागच्यासारख्या रडतील. त्यांनी मान वर केली.

"त्यास्नी दिसत न्हाई गं आता," त्या म्हणाल्या. "त्यांनी वंजळ माज्या नजरंच्या भरवशावर पुढं केली हुती."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मला त्यांच्या पाया पडायचं होतं. पण शेजारणीच्या पाया कसं पडायचं ते सुचेना, म्हणून मी त्यांचा हात तेवढा हातात घेतला.