टायर ठरेपर्यंत

मला सायकल चालवता येत नाही, हे जगात फक्त मला माहीत होतं आणि ते तसंच राहावं एवढीच माझी इच्छा होती. धुळ्यात आमच्या गल्लीतली पोरं ज्या सुट्टीत दांडीखालून पाय घालून भाड्याची सायकल शिकली, त्या सुट्टीत माझा हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघालं तोवर पोरं सीटवर बसायला लागली होती. मग मी मागे उभा राहून त्यांना 'समोर बघ, समोर बघ' असं सांगायला लागलो. पुढे मी प्राध्यापक झालो, त्याची सुरुवात बहुधा तिथेच.

आता एकोणपन्नास वय. जळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. चारचाकी चालवतो. दुचाकीचा प्रश्न आला की बायको दिपमाला चालवते आणि मी मागे बसतो. तिला चालवायला आवडतं, असं मी सांगतो, त्यामुळे लोक मला सुधारकही समजतात.

हे सगळं नीट चाललेलं असताना माझी साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा. दीपनगरच्या वसाहतीतले एक इंजिनियर बदली होऊन निघाले होते, त्यांची डोंगरातून चालवायची सायकल दिपमालाने परस्पर घेऊन टाकली. सायकल घरी आल्यावर मी तिच्याभोवती दोनदा फिरलो आणि टायर दाबून पाहिलं.

"सायकल चांगली आहे," मी म्हणालो, "पण टायर आपल्याकडचं नाही."

हे वाक्य मी का बोललो ते मला माहीत नाही. पण त्यावर मी आठ महिने काढले.

कारण ते खोटं नव्हतं. मेहरूण तलावाकडे डांबर आहे, तिथे गुळगुळीत टायर पाहिजे. एमआयडीसीच्या मागे मुरूम सुटलेला असतो, तिथे टायरवरची बटणं, म्हणजे रबराचे उंचवटे, बारीक आणि दाट पाहिजेत. पद्मालयाच्या जंगलात दगड, तिथे टायर रुंद आणि हवा कमी. काळ्या जमिनीत पाणी असेल तर बटणं उंच आणि विरळ पाहिजेत, म्हणजे चिखल अडकत नाही, आपोआप गळतो. आणि या सगळ्यांच्या मधोमध बाभळीचे काटे, त्यांच्यासाठी टायरच्या आत एक पांढरा द्रव ओततात. काटा घुसला की तो द्रव भोकाशी जाऊन थिजतो. मी तक्ता केला. मातीचे प्रकार मला पाठच होते, टायरचे झाले. सकाळी तलावावर सायकलवाले मला थांबवून विचारायला लागले. माझ्या सल्ल्याने नऊ जणांनी टायर बदलले आणि नऊही जण खूश आहेत. त्यातल्या एकाने विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कधी निघणार?"

"टायर ठरलं की," मी म्हणालो.

तेवढ्यात अधिक महिना लागला.

अधिकात जावयाला सासुरवाडीला बोलावून वाण देतात. वाण तेहतीसच्या हिशेबात आणि शक्यतो जाळीदार: अनारसे, बत्तासे. माझी सासुरवाडी एरंडोलहून आत सात किलोमीटरवर आहे. सासरे हिलालनाना, गावात शब्दाला वजन, जावयाच्या बाबतीत जरा जास्तच. सासूबाईंना अख्खं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. आम्ही पोचलो तर ओसरीवर चांदीचं ताट, ताटात दिवा, तेहतीस अनारसे, आणि शेजारी हळदकुंकू लावलेल्या टायरच्या चार जोड्या. मेहुणा भूषण माझी सायकल आदल्या दिवशीच पिकअपमध्ये टाकून घेऊन आला होता. माझा तक्ताही त्याच्याच खिशात होता.

"आमनी पोर म्हने, टायरवाचून अडकेल शेतस," नाना म्हणाले. "बठ्ठा परकार आनात. आते काही अडचण?"

"नाही," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"पांढरं औषधही आणलंय, भाऊजी," भूषण म्हणाला. "तुमच्या तक्त्यात खाली लाल शाईने होतं ते."

नानांचा बेत साधा होता. दोन दिवसांनी एकादशी. सकाळी मी मळ्यातून सायकलवर निघायचं आणि गावात मारुतीच्या पारापर्यंत यायचं. दोन किलोमीटर. पारावर भजनी मंडळ असेल, तिथे नारळ. जावयाला दिलेलं वाण कसं चालतं ते गावाने बघावं, एवढंच. मी म्हणालो, कॉलेजात काम आहे. दिपमाला म्हणाली, पंधरा जूनपर्यंत सुट्टी आहे. ती नेहमी खरं बोलते.

एकादशीच्या आदल्या संध्याकाळी मी मळा बघून येतो म्हणून निघालो. वाटेचा शेवटचा, मळ्याजवळचा तुकडा काळ्या मातीचा होता, दोन्हीकडे कपाशीसाठी तयार केलेलं रान. पाइपलाइनचा कॉक वाटेच्या कडेलाच. शेतीची लाइट रात्री येते आणि मोटार आपोआप चालू होते, हे मला नकाशावरून नव्हे, लग्नापासून माहीत होतं. मी कॉक पूर्ण फिरवला आणि परत आलो. रात्री वरण-बट्टी होती. मी चार बट्ट्या खाल्ल्या.

सकाळी वाट गुडघ्याएवढी नाही, पण घोट्याएवढी नक्की भिजलेली होती. मी भूषणला बारीक, दाट बटणांचं टायर चढवायला सांगितलं.

"हे तर मुरमाचं ना?" तो तक्ता काढत म्हणाला.

"अनुभवाने काही गोष्टी बदलतात," मी म्हणालो.

सायकल हाताने ढकलत मी चिखलात शिरलो. आठ महिन्यांच्या अभ्यासाचं चीज झालं. पाचव्या पावलाला दोन बटणांमधली फट भरली, आठव्याला चाक मातीचं झालं, दहाव्याला ते वरच्या दांडीला चिकटून थांबलं. दोन माणसं लागली उचलायला. चुकीचं टायर इतकं अचूक निवडल्याचं उदाहरण माझ्या माहितीत दुसरं नाही.

नाना माझ्यावर रागावले नाहीत. जावयाला बोलत नाहीत. ते मगनकडे वळले. मगन त्यांचा सालदार, वर्षाच्या बोलीवर मळ्यातच राहणारा गडी. कॉक कोणी उघडा ठेवला, डोकं ठिकाणावर आहे का, एकादशीच्या दिवशीच सुचलं का, असं बरंच झालं. मगन चिखलाकडे बघत ऐकत होता. मीही चिखलाकडे बघत होतो.

मग नानांनी वाकून एक मूठ माती उचलली, दाबली, उघडली. "दोन दिन," ते म्हणाले. "वाफसा येऊ द्या. तवलोंग जवाईबापू आठेच."

म्हणजे जमीन सुकून पाय ठेवण्यासारखी होईपर्यंत मी नजरकैदेत. शेवभाजी, भरीत, आमरस, पुन्हा बट्टी. नाना सकाळ-संध्याकाळ मळ्यात जाऊन मूठ दाबून यायचे आणि ओसरीवर बातमी द्यायचे. इतक्या काळजीने त्यांनी पेरणीलाही कधी माती बघितली नसेल.

एकादशीच्याच दुपारी सगळे झोपलेले असताना अक्का पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तांब्या ठेवला आणि गेल्या नाहीत.

"मगननी कॉक सोडा नही," त्या म्हणाल्या. "काल सांजले तुमनी चप्पलले कॉकजोडेना चिखल देखा मी."

मी पाणी प्यायलो. तांब्या मोठा होता, पण संपला.

"जवाईबापू, तुमले सायकल येस नही ना?"

एकोणचाळीस वर्षं हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. विचारला असता तर काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून ठेवलं होतं, पण ते आठवेना.

"नाही," मी म्हणालो.

"दिपमालाले?"

"तिला माहीत नाही."

अक्कांनी पदर सावरला. "अंगणवाडीमा कामले व्हतू तवय शिकनू मी. चाळीस वरीसनी. शेजारना पाडावर जानं पडे." त्यांनी रिकामा तांब्या उचलला. "सकाळे पाचले खळावर या. आनि पहिले मगनले सांगी द्या."

मगनला सांगायला मी मळ्यात गेलो. तो कॉकला तार गुंडाळत होता.

"मगनभाऊ, कॉक मी उघडला होता."

"माहीत शे, सर."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही जवाई शेतस," तो म्हणाला आणि तार कापली. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला. मला तो संपवता आला नाही.

दोन पहाटे खळ्यावर गेल्या. जावयाला हात लावायचा नाही म्हणून अक्का खळ्याच्या मध्ये उभ्या राहायच्या, जिथे पूर्वी मळणीचा खांब असे, आणि तिथून सूचना द्यायच्या. सीट मगन धरायचा. मी खांबाभोवती फिरायचो, नेहमी उजवीकडे वळत. खळं लहान, त्यामुळे सरळ जाणं असं नव्हतंच. दुसऱ्या पहाटे मगनने हात कधी सोडला ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी तिसऱ्या फेरीत होतो आणि एकटा होतो. चौथी फेरी मी हौसेने मारली. प्रत्येक वेळी शेवटी मगन पुढे येऊन हँडल धरायचा आणि मी त्याच्या खांद्यावर हात टाकून उतरायचो. ते इतकं सोयीचं होतं की उतरण्यातही शिकायचं काही आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

तिसऱ्या सकाळी नानांनी मूठ उघडली तर माती भुसभुशीत पडली. "चला," ते म्हणाले आणि पुढे पारावर गेले.

या वेळी टायर मी मनापासून निवडलं. वाट सुकलेली, पुढे मुरूम, नाल्यापाशी बाभळी. दाट बटणं, मध्यम हवा, आत पांढरं औषध भरपूर. भूषणने तक्त्यावर बरोबरची खूण केली. मगनने मला बसवून दिलं, चार पावलं चालला आणि सोडलं.

मी गेलो. खरंच गेलो. मुरमावर टायर असं धरत होतं की जणू वाट त्याच्यासाठीच केली होती. नाल्यापाशी चाकाखाली कडकड झाली, फस्स असा आवाज आला, आणि थांबला. औषधाने भोक बुजवलं होतं. मला अभिमान वाटला. गाव दिसलं, पार दिसला, पारावर टाळ घेऊन बसलेली माणसं दिसली, नाना दिसले. आणि मला आठवलं की मगन मागे मळ्यात आहे.

ब्रेक दाबला की सायकल थांबते, आणि सायकल थांबली की मी पडतो. पार गोल होता. उजवीकडे वळता येत होतं. मी वळलो.

"परदक्षना घालतस," कोणीतरी म्हणालं.

"अधिक शे ना," दुसरं कोणीतरी.

तिसऱ्या फेरीला भजनी मंडळातल्या लताबाईंनी मोजायला घेतलं. आधीच्या दोन त्यांनी आठवणीने धरल्या. टाळ सुरू झाले. नाना उभे राहिले, टोपी नीट केली. दिपमाला मोबाइलवर चित्रीकरण करत होती आणि तिचा चेहरा असा होता जसा मी लग्नातही पाहिला नव्हता. तिच्यासमोर पडणं शक्य नव्हतं. सात. आठ.

अक्का गर्दीच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या शेजारून जाताना एका फेरीत दोनच शब्द ऐकू यायचे.

"डावा पाय," त्या म्हणाल्या.

मी एक फेरी मारून आलो.

"खाले सोडा."

सोडणार तोच पुढच्या फेरीला त्या म्हणाल्या, "पन पहिले," आणि तेवढ्यात कोणीतरी त्यांच्या हातात नारळ दिला, तो घ्यायला त्या वळल्या. त्यानंतर त्यांच्यासमोर आरतीवाल्या बाया उभ्या राहिल्या.

आता आशा फक्त काट्याची. नाल्यातले दोन-तीन अजून टायरमध्ये होते, टकटक ऐकू येत होतं. हवा गेली असती तर सायकल आपोआप बसली असती, मला कोणी दोष दिला नसता, काट्याला दिला असता. पण हवा जात नव्हती. लाल शाईने लिहिलेली ती ओळ मी स्वतः लिहिली होती. एकवीस. बावीस. पाय भरून आले. डोळ्यांत घाम गेला, तो पुसायला हात सोडणं मला शिकवलेलं नव्हतं. नानांना वाटलं मी रडतोय. त्यांनीही डोळे पुसले.

तेहतीस झाल्या. टाळ थांबले. सगळे हात जोडून उभे राहिले आणि मला उतरण्यासाठी जागा करून दिली. मी त्या जागेतून पुढे गेलो.

चौतिसावी फेरी मोजायची पद्धत नाही, त्यामुळे ती कोणी मोजली नाही. एवढी शांतता होती की चाकाचा आवाज येत होता. आता सांगून टाकावं, असं मला पहिल्यांदा वाटलं. नानांपुढून जाताना मी बोललो, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नाना, मला उतरता येत नाही."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग गर्दीकडे वळले. त्यांचा आवाज जड झाला होता.

"उतरता येस नही म्हने," ते म्हणाले. "इतला रमी गयात."

गर्दीतून एक हुंकार गेला. दूर नाल्यापाशी मगन दिसला, चालत येणारा, घाई नसलेला. लताबाईंनी टाळ पुन्हा उचलले.

"एक," त्या म्हणाल्या.