बरणीबाहेरचा ओपल

माझी बहीण ग्राक्सी गप्प बसली, तेव्हाच मला खटकायला हवं होतं. साठ वर्षांत ती झोपेतसुद्धा धड गप्प राहिलेली नाही. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं तेव्हा पाद्र्याच्या आधी हीच बोलायला लागली, असं आमची आमा, म्हणजे आई, सगळ्यांना सांगायची. आणि अशी बाई दुपारी बारापासून संध्याकाळी पाचपर्यंत एक अक्षर बोलली नाही, आणि मी, तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, शहाणी मायते, त्यातून भलताच अर्थ काढून बसले.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आम्ही दोघी व्हर्जिन व्हॅलीत ओपलचे रंगीत खडे खणायला जातो. मी विनमकाहून, ती एल्कोहून. नवरे, मुलं, कुणी नाही. बावीस वर्षं झाली. ऑफिसात पैसे भरायचे, मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायचा, आणि दिवसभरात जे सापडेल ते आपलं. नवखे लोक बुलडोझरने ओतलेल्या ढिगाऱ्यात चिवडत बसतात. आम्ही जास्त पैसे भरतो आणि थेट दरडीला भिडतो. राखाडी चिकणमातीचा थर हळूहळू खरवडत जायचं. कुठे लाकडासारखं काही लागलं की कुदळ खाली ठेवायची आणि स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. कारण ते लाकूडच असतं, फार जुनं, आतून दगड झालेलं. नशीब असेल तर आत रंग.

या खोऱ्यातला ओपल फार नखरेल. इतकी युगं ओल्या मातीत काढलेली, त्यामुळे उन्हात सुकला की तडकतो. कधी तासाभरात, कधी वर्षभराने, पण बहुतेक तडकतोच. म्हणून सापडला की लगेच पाण्यात. आमच्या दोघींच्या मधे आमाची मिरच्यांची जुनी काचेची बरणी असते. तुझं माझं काही नाही, जे मिळेल ते बरणीत. शेवटच्या दिवशी सकाळी बरणी टेबलावर ओतायची आणि आळीपाळीने एकेक उचलायचा. एका वर्षी पहिली निवड माझी, पुढच्या वर्षी तिची. मागच्या वर्षी तिची पाळी होती. तिने अंगठ्याएवढा हिरवा खडा उचलला आणि डिसेंबरपर्यंत फोनवर त्याचंच कौतुक ऐकवलं. यंदा पहिली निवड माझी होती.

पण यंदा माझं ओपलकडे लक्षच नव्हतं. मला तिला एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायला मी एप्रिलपासून धीर गोळा करत होते.

एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याने, डेलने, आमच्या आयताचा मेंढपाळी गाडा विकला. आयता म्हणजे आमचे वडील. अठरा वर्षं त्यांनी त्या गाड्यात मेंढरांमागे काढली. आतली चूल, फळीचं अंथरूण, दारामागे खडूने लिहिलेले मेंढ्यांचे आकडे, सगळं जसंच्या तसं होतं. मी शाळेच्या स्वयंपाकघरातून दमून घरी आले तर परसात गवताचा पिवळा चौकोन. डेल म्हणाला, कुजत पडला होता, चांगलं गिऱ्हाईक आलं. टीव्हीवरून मानसुद्धा वळवली नाही त्याने. चौतीस वर्षं मी त्या माणसाशी बोलतेय आणि तो टीव्हीशी. मी त्या पिवळ्या चौकोनात उभी राहिले आणि मला कळलं की इथे आता मी राहू शकत नाही.

त्या संध्याकाळी ग्राक्सी फोनवर माझ्याहून जास्त रडली. सोड त्याला, म्हणाली, माझ्याकडे ये. तसं ती दर नाताळला म्हणतेच. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली, घरात एकटी, तीन खोल्या, मागे जर्दाळूचं झाड. माझं दार तुला कधीही उघडं आहे, हे तिचं ठरलेलं वाक्य. पण फोनवरचं वाक्य वेगळं आणि बॅग घेऊन दारात उभं राहणं वेगळं, एवढं मलाही कळतं. म्हणून समोरासमोर विचारायचं ठरवलं होतं. पाच दिवस गेले तरी तोंड उघडेना. सहावा दिवस खणायचा शेवटचा.

त्या सकाळी मी तिच्यावर खेकसले. ती कुदळ फार जोरात मारत होती. मी म्हटलं, "जरा हळू. विहीर खणतेयस का? आतलं असेल नसेल ते सगळं फोडशील." मी जरा कडू बोलते, घरात सगळ्यांना माहीत आहे. तिने मला वेडावून दाखवलं आणि दरडीच्या पलीकडच्या कोनाड्यात जाऊन बसली, पाठ करून.

बाराच्या सुमाराला मी जेवायला हाक मारली. आली, पण बोलली नाही. पावात सॉसेज घालून दिला, तर मान हलवून नको. कॉफी नको. ग्राक्सी आणि कॉफी नको! मला वाटलं, बाईसाहेब रुसल्या. खाणीचा मालक वेल्डन त्याच्या खटारा गाडीतून येऊन गेला, काही लागलं का म्हणून विचारलं. चांगला खडा लागला की इथे सगळे हत्यारं टाकून बघायला जमतात, हातोहात फिरवतात, ही इथली रीतच आहे. ग्राक्सीने नुसते हात हवेत उडवले, काही नाही म्हणून. एरवी ती वेल्डनची अर्धा तास थट्टा केल्याशिवाय त्याला सोडत नाही.

दोन वाजले, तीन वाजले. ऊन डोक्यावर, माशा कानात. तिचा गाल जरा सुजल्यासारखा दिसला. मी विचारलं, कवळी टोचतेय का? तिने जोरजोरात मान डोलावली. मग माझं मन पाघळलं. मी कुदळ ठेवली, तिच्याजवळ मातीत जाऊन बसले आणि सकाळबद्दल माफी मागितली. माफी मागणं मला जमत नाही. तरी मागितली. ती काहीच बोलली नाही, नुसती ऐकत राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बहिणीने मला मधेच तोडलं नाही.

त्यामुळेच मी बोलू शकले. बाकी कशामुळे नाही. मी सगळं सांगितलं. गाड्याच्या जागेवर डेलने आता गवत कापायचं यंत्र ठेवलंय हे सांगितलं. रात्री जेवताना मी मुद्दाम मीठ टाकायचं विसरते, त्याला कळतं का ते बघायला, आणि त्याला कळत नाही, हेही सांगितलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मग विचारलं, "ग्राक्सी, मी खरंच येऊ का तुझ्याकडे? आठवड्यासाठी नाही. कायमची."

तिचे डोळे भरून आले. तिने तिचा मातीचा हात माझ्या हातावर ठेवला, घट्ट दाबला आणि घशातून "हं" म्हणाली.

मला आणखी काय हवं होतं? मी तिथे मातीत बसून लहान मुलीसारखी रडले. बोलण्याच्या पलीकडचं काहीतरी आमच्यात झालं असं मला वाटलं. खरंच असं वाटलं, आणि ते आठवलं की आता कानाच्या पाळ्या तापतात.

पाच वाजता आम्ही तळ्याकाठी तिच्या ट्रेलरकडे परतलो. ती घाईघाईने आत गेली. मी बाहेर शेगडीवर तिच्यासाठी सूप टाकलं, हिरड्या दुखतायत म्हणून बटाटे अगदी मऊ कुस्करले. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली ती बोलतच. माशांबद्दल, शेजारच्या ट्रेलरमधल्या कुत्र्याबद्दल, वेल्डनच्या नव्या टोपीबद्दल. दोन वाट्या सूप प्यायली आणि वर सॉसेजही खाल्लं. माझ्या मनात आलं, बिचारीच्याही मनावरचं ओझं उतरलं. माझ्या येण्याचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही. ठरलेल्या गोष्टीवर पुन्हा काय बोलायचं?

सकाळी ती टॉवेल घेऊन अंघोळीला तळ्यावर गेली. निघायचा दिवस म्हणून मी ट्रेलर आवरायला घेतला. मोरीपाशी तिच्या कवळीची निळी डबी होती, झाकण लावलेली. कवळी तर ती तोंडात घालूनच गेली होती, जाताना कुत्र्याला शिव्या देत होती. मग डबी धुवून ठेवावी म्हणून मी झाकण काढलं आणि पाणी ओतायला गेले, तर आत काहीतरी खडखडलं.

तो अंगठ्याहून मोठा होता. एका बाजूला लाकडाच्या रेषा, दुसरी बाजू उघडी. खिडकीपाशी धरला तर आत लाल पेटला, मग हिरवा, मग पुन्हा लाल. बावीस वर्षांत आमच्या बरणीत असा खडा कधी पडला नाही.

मी मोरीला टेकून उभी राहिले आणि सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं. खिशात ठेवला असता तर सुकला असता. बरणी माझ्या पायाशी. खडा चाटून रंग बघायची इथे सगळ्यांनाच सवय, आमच्यात कुणाच्या दातांत माती नाही? तोंडात खडा घातला तर कोण संशय घेणार! पाच तास. कॉफी नको, पाव नको, वेल्डनशी थट्टा नको. तिने गालात ओपल धरला होता, कारण यंदा पहिली निवड माझी होती.

आणि मी तिला डेलबद्दल सांगितलं तेव्हाही तो तिथेच होता. मिठाचं सांगितलं तेव्हाही. ते "हं" त्या खड्याच्या बाजूने आलं होतं.

मला लुबाडल्यासारखं वाटलं, आणि खड्यामुळे नाही. खडा तिने मागितला असता तर मी पहिल्याच पाळीत तिला उचलून दिला असता. पण माझं आयुष्यातलं एकमेव उघडं बोलणं मी एका भरल्या तोंडापुढे सांडलं होतं.

ग्राक्सी ओले केस पुसत आत आली. माझ्या हातातली डबी पाहिली आणि टॉवेल खाली घेतला.

"सांगणारच होते मी," ती म्हणाली.

"कधी? एल्कोला पोहोचल्यावर?"

"मायते, तू पाहिलास ना तो? तुला तर रंगाची पर्वासुद्धा नसते. तू पटकन उचलतेस आणि घरी खिडकीत विसरून जातेस. तुझे तीन तडकले. मी नीट सांभाळते."

ते खरं होतं. माझे तीन तडकले होते.

"काल मी तुला काय विचारलं, आठवतं?"

"आठवतं की."

"मग?"

"मी हात धरला ना तुझा."

"तुझ्या तोंडात दगड होता, ग्राक्सी. आता नाहीये. आता सांग."

ती दाराला टेकली. बाहेर कुत्रं भुंकत होतं, आणि त्याच्यावर बोलायला तिला एरवी एवढं निमित्त पुरलं असतं. तिने टॉवेलची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. माझं दार तुला कधीही उघडं आहे, हे वाक्य ती दर नाताळला म्हणत आली होती, आणि आता ते तिला सापडत नव्हतं.

मी डबीतून खडा काढला आणि तळहातावर घेतला. खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर येत होतं. त्याच्यावरचं पाणी कडांकडून आत सरकायला लागलं. तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरले आणि तिथेच थांबले.

"मी येऊ का?" मी विचारलं.

तिने माझ्या तळहाताकडे बोट केलं.

"पाण्यात टाक ना," ती म्हणाली. "सुकेल तो."

मी टाकला.