रुखमाच्या नावाची सुई

अहेरीच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्यात बसायचं म्हणजे सकाळपासूनच डोकं उठायचं. खरूज, हिवताप, पोरांचे वाहते कान, आणि प्रत्येकाला औषध सगळ्यांच्या आधी हवं. त्या दुपारी माझे पाय इतके भरून आले होते की साक्षात राणी समोर येऊन उभी राहिली असती तरी मी उठले नसते. आली ती बुधरी. तिने पदर बाजूला सारून दंड पुढे केला.

"लाव बाई सुई. रुखमाच्या नावाची."

रुखमा ही तिची धाकटी जाऊ. दोघी नाल्यापलीकडच्या एका जंगलातल्या गावच्या. रुखमाची आधीची दोन्ही पोरं चांगली गुटगुटीत जन्मली आणि आठवड्याभरात जबडा मिटून, अंग ताठ होऊन गेली. गावात त्याला आठव्या दिवसाचं भूत म्हणत. आमचे डॉक्टर त्याला धनुर्वात म्हणत आणि नाळ कापायच्या विळ्यावर नि नाळेला चोळायच्या राखेवर खापर फोडत. यंदा त्यांनी कुठूनशी धनुर्वाताची लस मागवली होती. पोटुशीला दोन सुया, मध्ये महिना-सव्वा महिना. पहिली मी रुखमाला दिली होती. दुसरी चुकली तर पोराचा भरवसा नाही, हे डॉक्टरांनी मला इतक्यांदा बजावलं होतं, जणू मीच ती चुकवणार होते.

"तिले काऊन नाई आनलं?" मी विचारलं.

"सातवा लागला तिले. पोटुशीनं नाला ओलांडाचा नसते. पेनदेवाले कोंबडं बी मीच वाह्यलं तिच्या नावानं. पावलं ना देवाले? मंग सुई काऊन नाई चालत?"

मी कपाळावर हात मारला. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"अवं, हे काई कोंबडं नाई. सुई जिच्या अंगात जाते, तिचंच रक्त त्या रोगाशी लढाले शिकते. अन् ते बळ नाळेतून पोटातल्या पोराले देते. तुह्या दंडातून तिच्या पोराले कसं जाईन?"

बुधरीने नीट विचार केला. "एकाच चुलीचं खातो आमी," ती म्हणाली.

लस दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला डॉक्टर तयार नव्हते. म्हणजे पायपीट माझ्याच कपाळी. दुसऱ्या दिवशी लस गार राहावी म्हणून ओल्या वाळूच्या मडक्यात बाटली ठेवून मी बुधरीच्या मागे निघाले. नाला आला, गुडघाभर पाण्याचा. एवढ्याशा पाण्यासाठी माझी ही वरात, म्हणून मी वाटभर कुरकुरले. बुधरीने मडकं डोक्यावर घेतलं आणि पाण्यात उतरली.

रुखमा अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिने दंड पुढे केला. मला काहीच विचारलं नाही, पोर वाचेल का, हेसुद्धा नाही. मी सुई दिली, सासूच्या हातात नाळ कापायला दाढीचं नवं पातं ठेवलं, उकळून घे, राख लावू नको, असं सांगितलं. म्हातारीने मान हलवली.

पावसाच्या तोंडावर बुधरी पुन्हा बाजारात दिसली. "परवा पोरगा झाला," ती म्हणाली, आणि खाली बघायला लागली. "म्हातारीनं विळ्यानंच कापलं, बाई. राख बी लावली."

"अन् पातं?"

"नवं हाय म्हनून जपून ठेवलं."

आता त्या पोराला होता तो फक्त रुखमाच्या रक्ताचा आधार. आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांच्या पुस्तकावर माझाही तेवढा विश्वास नव्हता. मी दिवस काढले. पोराचा आठवा दिवस गेला, कुणी आलं नाही. आणखी दोन गेले. शेवटी मीच उठले, नाला ओलांडला. गावात रडणं ऐकू येतंय का, म्हणून कान तिकडेच लागले होते.

झोपडीत रुखमा भिंतीकडे तोंड करून बसली होती. पोर मांडीवर, अंगाला लागलेलं.

"पाजते, पन तोंड फिरवून," बुधरी माझ्या कानाशी कुजबुजली. "जल्मल्यापासून एकडाव बी पाह्यलं नाई त्याच्याकडे. मागच्या दोघायचे चेहरे डोळ्यापुढून जात नाई म्हनते."

मी जवळ बसले. पोराची हनुवटी बोटाने हळूच खाली ओढली. जबडा सैल होता. तोंडचं दूध सुटलं म्हणून ते चिडलं आणि टाळू दिसेल एवढं तोंड उघडून त्याने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी त्या वर्षी ऐकलं नव्हतं.

"बाई," रुखमा भिंतीलाच म्हणाली, "तोंड उघडून राह्यला का तो?"

"पाह्य ना तूच."

"तू सांग."

"मी लय दमली, रुखमा. मी नाई सांगत. तुहं पोर हाय, तू पाह्य."

पोर रडतच होतं. मग तिने मान वळवली आणि खाली पाहिलं. पाहतच राहिली. तिचं बोट त्याच्या कपाळावरून हळूहळू फिरलं.

"बुधरे," ती म्हणाली, "याच्या कपाळाले लाल डाग हाय."

बुधरीच्या डोळ्यांना धार लागली होती.

"जल्मापासून हाय," ती म्हणाली.