झरोक्यावरचा फ्लेक्स

गुरुवार, ९ जानेवारी २०२५. सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. माझ्या बर्नरवर त्या क्षणी अठ्ठेचाळीस ज्योती जळत होत्या आणि त्यांपैकी निळी एकही नव्हती.

मित्रांनो, मी एक जुना गॅस गीझर आहे. नागपुरात हुडकेश्वरच्या, चार माणसांच्या एका बैठ्या घरात, न्हाणीघराच्या भिंतीवर मी दहा वर्षे टांगलेला होतो. माझ्या पोटात तांब्याची वळणावळणाची नळी आहे. नळ सोडला की त्या नळीतून पाणी वाहू लागते, दोन सेलच्या बळावर ठिणगी पडते आणि गॅस पेटतो. पाणी थांबले की मीही विझतो. मला एवढेच समजते. नळ कोणी सोडला, तो शुद्धीवर आहे की नाही, हे समजण्याची सोय माझ्या घडणीत नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथून मी इतवारीतल्या एका दुकानात आलो. त्या घराचे मालक नागसेन मला विकत घ्यायला आले तो दिवस मला आठवतो. दुकानदार त्यांना म्हणाला, "भाऊ, शक्यतो बाथरूमच्या बाहेर लावा. आत लावान तं झरोका मोकळा ठेवा."

नागसेन हसले. "मले काय सांगता गा? मी कोराडीले बॉयलरवरच आहो. आगीचंच खातो."

आणि ते खरे होते. कोराडीच्या वीजकेंद्रात ते दर तासाला बॉयलरच्या काचेतून ज्वाळा पाहत आणि तिचा रंग वहीत नोंदवत. पण मला बाहेर लावायचे तर भिंत फोडून नळ नेणे आले. तो व्याप नको म्हणून मी आतच राहिलो. उंचावर एक झरोका होता. माझ्या श्वासाची वाट तेवढीच.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. नागसेन यांच्या आई कौसल्याबाई शेजारणींना हात धरून न्हाणीघरात आणत आणि म्हणत, "पाह्य वं बाई, चूल नाही, धूर नाही, बटन नाही. नळ सोडला का पाणी कढत!" दरवर्षी दिवाळीनंतर मिस्त्री येई, माझे झाकण काढून ब्रशने काजळी झाडी आणि रबरी नळीला साबणाचा फेस लावून गळती तपासी. पुढे मिस्त्रीला बोलावणे राहून जाऊ लागले. मी चालत होतो ना! चालणाऱ्या वस्तूकडे कोण पाहतो?

मित्रांनो, नागपूरच्या प्रत्येक घरात उन्हाळ्यासाठी मोठा कूलर असतो आणि उन्हाळा सरला की त्याला कुठेतरी सरकवावे लागते. गेल्या दिवाळीनंतर नागसेन यांनी आपला कूलर मागच्या बोळीत, नेमका माझ्या झरोक्याखाली आणून ठेवला. धूळ बसू नये म्हणून त्यावर एक जुना फ्लेक्स टाकला. तो एका लेआउटमधल्या प्लॉटांच्या जाहिरातीचा होता. फ्लेक्सची वरची दोरी त्यांनी झरोक्याच्या गजांना बांधली. अर्धा झरोका झाकला गेला. वारा आला की फ्लेक्स फडफडे, आणि त्या फडफडीतून थोडी हवा मला मिळे.

त्या थोड्या हवेवर मी दोन महिने जळलो. माझ्या ज्योतींची टोके पिवळी पडली आणि पत्र्यावर काळे डाग उमटले. हवा अपुरी पडली की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर नाकाला कळते. हे कळत नाही.

घरात खुणा दिसत होत्या. नागसेन यांच्या पत्नी मेघा एकदा म्हणाल्या, "आंघोळ झाली का रोज डोकं दुखून राहिलं."

"मोबाइल कमी पाह्य," नागसेन म्हणाले.

कौसल्याबाई लगेच बोलल्या, "मले तं मोबाइल धरता बी येत नाही गा. मंग माह्यं काहून दुखते?"

सगळे हसले. मी भिंतीवरून ऐकत होतो. त्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी होते.

आठ जानेवारीच्या संध्याकाळी थंडी वाढली. कौसल्याबाई म्हणाल्या, "नागसेन, त्या झरोक्यातून गार हवा येऊन राहिली. उद्या पोरीले केस धुवायचे आहे. आन् ते फ्लेक्स फडफड करून कान खाते." नागसेन यांनी आईचे ऐकले. बोळीत जाऊन त्यांनी फ्लेक्स ताणला आणि तारेने घट्ट आवळला; आता सारा झरोका झाकला गेला. मुलीला थंडी वाजू नये, एवढाच त्यामागे हेतू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी प्रीती आत आली. ती आठवीत शिकते. तिने कडी लावली, नळ सोडला आणि मी पेटलो. केस धुवायचे म्हणून तिने नळ बंद केला नाही. काही मिनिटांतच माझ्या साऱ्या ज्योती पिवळ्या झाल्या. तिने एकदा कपाळ चोळले. मग ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली. तिच्या हातातला मग घरंगळत दाराशी गेला. पाणी वाहत राहिले. पाणी वाहत होते, म्हणून मी जळत राहिलो. मित्रांनो, माझ्या आयुष्यातील ही सर्वांत वाईट मिनिटे आहेत. त्या मुलीला मीच मारत होतो आणि थांबणे माझ्या हाती नव्हते.

बाहेरून कौसल्याबाईंचा आवाज आला. "अवं प्रीती, बादली उतून राहिली वं! सारी टाकी खाली करतं काय?"

आतून फक्त पाण्याचा आवाज.

"रुसली काय वं? बरं बाप्पा, नाही बोलत काही." त्यांनी दाराला कान लावला. मग त्यांचा स्वर बदलला. "मेघा! पोरगी बोलून नाही राहिली!"

मेघा यांनी दार बडवले. नागसेन धावत आले आणि तिसऱ्या लाथेला कडी तुटली. त्यांनी प्रीतीला चादरीत गुंडाळून उघड्या अंगणात नेले. मेघा यांनी सिलिंडर बंद केला. मी विझलो. दूरवर कौसल्याबाई म्हणत होत्या, "डोळे उघड वं माय, मी नाही रागावत."

प्रीतीला दवाखान्यात प्राणवायू लावला, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून नागसेन केशव नावाच्या मिस्त्रीला घेऊन आले. केशवने माझे झाकण काढले. मूठभर काजळी खाली पडली. मग त्याने वर झरोक्याकडे पाहिले.

"सायेब, हे कोणं बांधलं?"

"म्या." नागसेन यांनी खाली पडलेली काजळी बोटाने उचलली. "प्लांटात दर तासाले ज्वाळा पाहतो गा. घरची एकडाव नाही पाहिली."

केशव म्हणाला, "तिथं न पाहिलं तं मेमो भेटते. इथं कोण देते?" पण नागसेन यांचा चेहरा पाहून तो कामाला लागला.

त्याने फ्लेक्स कापून काढला. मला साफ करून न्हाणीघराबाहेर, मागच्या उघड्या भिंतीवर पत्र्याच्या छपरीखाली बसवले. जुनी रबरी नळी बदलली. कूलर माझ्यापासून दूर, बोळीच्या टोकाला गेला. नळ सोडून पाहिला तेव्हा माझ्या ज्योती निळ्या होत्या. नागसेन कितीतरी वेळ त्यांच्याकडे पाहत उभे राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल तर आजच त्याची ज्योत पाहा. ती पिवळी असेल तर त्याला बंद ठेवून मिस्त्रीला बोलवायला मोठ्यांना सांगा. तो न्हाणीघरात असेल तर त्याला बाहेर हलवायला सांगा आणि तोवर झरोका कोणत्याही थंडीत झाकू देऊ नका. दार उघडे ठेवून बादली भरा, त्याला विझवा, आणि मगच कडी लावून आंघोळ करा. आंघोळीने डोके दुखत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. आत गेलेल्या माणसाला हाक मारा, आणि ओ आली नाही तर वाट पाहू नका. आम्हाला वर्षातून एकदा तपासा. आम्ही चालतो आहोत एवढ्यावर आमच्यावर विश्वास टाकू नका.

शनिवारी, अकरा जानेवारीला दुपारी एक वाजता घरासमोर रिक्षा थांबली. मागच्या भिंतीवरून मला रस्ता दिसत नाही. पण स्वयंपाकघराची खिडकी दिसते.

त्या दुपारी मेघा यांनी वाढलेली ताटे : चार.