लाकडासाठी सोडायची जागा

"शेठ, ही होडी आहे. शोकेसमध्ये नाही ठेवायची," होडी पाण्यात सोडायच्या सकाळी तिच्या गुळगुळीत फळ्यांवरून हात फिरवत मिस्त्री म्हणाला आणि बाबा हसले. मीही हसले, जरा जास्तच मोठ्याने. बाबांना पुन्हा होडीपाशी बघून मला इतकं भारी वाटत होतं!

नऊ वर्षं बाबा कपड्यांच्या मोठ्या दुकानात होते. शर्टाची घडी अशी घालायचे की मॅनेजर नव्या लोकांना त्यांच्याकडे शिकायला पाठवायचा. त्याआधी ते होड्या दुरुस्त करायचे, पण त्यात वर्षातले चार महिने रिकामे जायचे, म्हणून मी पहिलीत असताना त्यांनी ते सोडलं. दुकानातून आले की ते भिंतीकडे बघत बसायचे. यंदा वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला, तेव्हा मी घरीही भाषण ठोकलं, की मन मारून माणसाने किती दिवस काम करावं. आई म्हणाली, हिची जीभ फार चुरूचुरू चालायला लागलीय. पण बाबांनी आठवडाभरात राजीनामा दिला. तीन दिवसांत दुकानात त्यांच्या जागी दुसरा माणूस उभा राहिला.

मिस्त्री म्हणजे बाबांचा होडीकामातला गुरू. त्याची अट एकच होती, एक होडी एकट्याने करून दाखव. म्हणाला, मी थेट पाण्यात सोडायच्या दिवशीच बघायला येईन. जमली तर तुझी जुनी जागा तुझी.

होडी मासेवाल्या मावशींची होती. वर्षभर उन्हात पडून तिच्या फळ्या आक्रसल्या होत्या. त्यांच्यामधल्या फटींत कापसाची वात छिन्नीने दाबायची, लाकडी मोगरीने ठोकायची आणि वरून लांबीचा लगदा भरायचा. शाळा सुटली की मी तिथेच. जरा कुठे फट दिसली की मी बोट दाखवायचे आणि बाबा तिथे आणखी कापूस ठोकायचे. दहा दिवसांत होडी अशी गुळगुळीत झाली की हात फिरवत राहावंसं वाटे.

रविवारी सकाळी ती पाण्यात उतरली. थेंबभरही पाणी आत आलं नाही. मावशींनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्री मात्र सारखा वाकून फळ्यांकडे बघत होता.

दुपारी काडकन आवाज झाला. एक फळी खिळ्यांसकट सुटली होती, फळ्यांना आतून धरणाऱ्या तीन फासळ्या मोडल्या होत्या. होडी एका अंगावर कलली आणि भरू लागली. सगळ्यांनी मिळून ती कशीबशी काठावर ओढली.

मिस्त्रीने फटीत नख घालून बघितलं. नख शिरेना.

"वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं. त्याला जागा सोडायची असते," तो म्हणाला. "हे तुला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

बाबा स्वतःच्या हातांकडे बघत होते. "दुकानात नऊ वर्षं एक सुरकुती राहू दिली नाही. फट दिसली की आता हात थांबत नाही," ते म्हणाले.

मी मध्येच बोलले, फटी मीच दाखवत होते.

"तू शाळेतली पोर, तुला काय ठाऊक," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "त्याला ठाऊक होतं."

मावशींनी होडीतली आपली बसायची फळी काढून घेतली आणि चालू लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांनी मिस्त्रीला विचारलं, "बोटींचे तळ खरवडायला माणूस लागतो ना?"

"ते नवशिक्यांचं काम आहे."

"चालेल."

घरी आईने विचारलं, सुटली का होडी? बाबा म्हणाले, थोडं काम राहिलंय. आईने माझ्याकडे बघितलं. मी दप्तर उघडून वह्या काढल्या.

सोमवारी शाळेत जाताना मला बाबा दिसले. एका मोठ्या बोटीखाली उताणे पडून ते तळाला चिकटलेले शिंपले खरवडत होते. चुरा तोंडावर पडायचा. ते डोळे मिटायचे, बाहीने पुसायचे, पुन्हा हात चालवायचे. मिस्त्री जवळून गेला, तर त्याला जागा द्यायला त्यांनी पाय आखडून घेतले.

मी हाक मारली नाही. मागे फिरले आणि लांबच्या रस्त्याने शाळेत गेले.