इंजिनाकडं तोंड करून

"आत्या, तू जिना उलटा का उतरतेस?"

खरं तर हा प्रश्न माझा नव्हता. शितलनं आणि वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, की सम्यका हे आत्याला तोंडावर विचारूच शकणार नाही. आता वक्तृत्वात तालुक्यात पहिली आलेली मुलगी असल्या पैजेला घाबरते होय? गॅदरिंगचे ड्रेस आत्याकडंच शिवायला टाकले होते. सगळ्या जणी मापाच्या निमित्तानं आल्या, जिन्याखाली उभ्या राहिल्या आणि मी वर जाऊन विचारलं.

सुलक्षणा आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. दौंडमधल्या आमच्या घराच्या माडीवर तिची खोली आणि तिची शिलाई मशीन. तिचे गुडघे झिजलेत, डावा तर फारच. उतरताना ती जिन्याकडं तोंड करते, दोन्ही हातांनी कठडा धरते आणि पायानं चाचपत खाली येते. अंगणात उभ्या माणसाला आधी तिचा अंबाडा दिसतो, तोंड सगळ्यात शेवटी.

आणि त्या खोलीवर माझा डोळा होता. दहावीला ती मला मिळणार, असं आईपप्पांनी ठरवलं होतं. आत्याला खाली स्वयंपाकघराशेजारी आणायचं, तिच्या गुडघ्यांना आराम. मी पोरींना सांगूनही टाकलं होतं.

आत्या रागावली नाही. दातानं दोरा तोडला, मशीनवरची लाकडी पट्टी उचलली आणि म्हणाली, "पाय कर इकडं, सम्या."

माझ्या गुडघ्यामागं पट्टी ठेवून तिनं नाडीनं करकचून बांधली. जिन्याच्या तोंडाशी नेऊन माझा दंड घट्ट धरला.

"आता उतर बरं. सरळ, सगळे उतरतात तशी."

बांधलेला पाय पुढं टाकला तर तो काठीसारखा हवेतच. सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर आला आणि समोरचं अंगण एकदम विहिरीसारखं खोल दिसायला लागलं. खाली पोरी फिदीफिदी हसत होत्या. शितलनं तर मोबाईल वर धरला होता. माझा चेहरा बघून तिनं तो खाली घेतला.

"फिर आता," आत्या म्हणाली. "कठडा धर. बांधलेला पाय आधी खाली सोड."

आणि मी उतरले की! हळू, पण उतरले.

मग सगळ्यांना वर बोलावून तिनं सांगितलं. माझे आजोबा दौंडला इंजिन ड्रायव्हर होते. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन जायची आणि हट्टानं इंजिनात चढायची. उतरताना आजोबा ओरडायचे, इंजिनाकडं तोंड कर. सगळे ड्रायव्हर तसेच उतरतात, शिडी धरून. गुडघे दुखायला लागले तेव्हा तिला तेच आठवलं.

"लोक हसले तर हसू दे," ती म्हणाली. "हात सुटला न्हाई पायजे."

मी पैज जिंकले, पण त्यानंतर आत्याला बघायचा मला नादच लागला. डाव्या गुडघ्याला ती 'रडका' म्हणते, उजव्याला 'शहाणा'. चढताना शहाणा पुढं, उतरताना रडका आधी. शिवलेले कपडे ती दोरीला पिशवी बांधून खिडकीतून सोडते, म्हणजे कठड्याला दोन्ही हात मोकळे. जिन्याच्या मधल्या वळणावर तिची गवती चहाची कुंडी आहे. मला वाटायचं हौस. ती तिथं थांबते, दोन पाती खुडते, शेजारच्या ताईबाईंशी बोलते. कुणाला कळतसुद्धा नाही, की बाई दम खातेय. काय डोकं आहे!

मग एक प्रश्न मी स्वतःचा विचारला, पैजेशिवाय. खाली यायचंय का तुला?

मशीन थांबली. खिडकीतून रूळ दिसतात, तिकडं बघत ती म्हणाली, "डॉक्टर म्हणत्यात, जिना सोडू नका, सांभाळून चढा. आन् मला माझं माहीत हाय. खाली गेले की बरं वाटंल, आन् मग एक दिवस वर यायची हिंमतच व्हायची न्हाई. पण तुझा बाप मायेनं म्हणतो. त्याला कसं न्हाई म्हणू?"

त्या संध्याकाळी पप्पा कुरकुंभच्या कंपनीतून आले ते रंगांचं कार्ड घेऊनच. आई चहा गाळत होती. आत्या खाली मान घालून घेवडा निवडत होती.

"बोला मॅडम, भिंतीला रंग कुठला द्यायचा?" पप्पांनी कार्ड माझ्यापुढं सरकवलं.

मी ते तसंच मागं सरकवलं.

"पप्पा, रंग नको, पाईप आणा. जिन्याला भिंतीच्या बाजूनंपण धरायला पाहिजे. आत्या वरच राहणार. दहावीचा अभ्यास मी खालच्या खोलीत करणार, आणि कंटाळा आला की वर जाऊन तिच्या मशीनशेजारी बसणार. आई, तूपण ऐक, माझं ठरलंय."