करमतं का?

"तब्येत ठणठणीत हाये पोरी, पण करमून नाई राह्यलं," रूपरावमामा म्हणाला आणि मी कान टवकारले.

गिरडजवळच्या आमच्या गोंड वस्तीत मी पीएचडीसाठी आरोग्याचे प्रश्न विचारत फिरत होते. साल २००४. आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरांनी मामाला तपासून 'काही तक्रार नाही' म्हटलं होतं. आणि हा बाप्पा रोज अर्धी भाकर टाकून उठत होता!

"काऊन करमत नाई?" मी विचारलं.

"बैल इकले. भाऊ देवळीले राहाले गेला. औंदा पेनठाण्यावरबी जाणं झालं नाई."

पेनठाणं म्हणजे आमच्या कुळाच्या देवाची जागा. पण त्याचा भाकरीशी काय संबंध? मामी चुलीपुढूनच बोलली, "आंगात जीव लागला पाह्यजे, घरात लागला पाह्यजे, वावरात लागला पाह्यजे, देवात लागला पाह्यजे. एका जागून उठला का माणूस बिमार."

झालं! आता मला दुसरं काही सुचेना. करमणं हाच पाया धरून संशोधन करायचं, असं मी ठरवूनच टाकलं.

माझे मार्गदर्शक कृष्णकांत सर वैतागले. "दिपाली, करमणूक हा आरोग्याचा विषय नाही!"

"करमणूक नाही हो सर, करमणं!"

"तेच ते. विद्यापीठाच्या समितीनं नाकारलं, तर मी सांगतो तो विषय घ्यायचा. रक्तातलं लोह."

विषय वाईट नव्हता. पण त्यात आमचा मामा कुठं होता? त्याचं रक्त तर चांगलंच निघालं होतं. समितीपुढं मी करमणंच मांडलं.

समितीचे अध्यक्ष डॉ. वाकणकर. मूळचे पुण्याचे, नोकरीनिमित्त आले आणि निवृत्तीनंतरही वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेतच राहिले. त्यांनी विचारलं, "पण बाई, यात आजार कुठं आहे?"

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी म्हणाले, "सर, तुम्हाला वर्ध्यात करमतं का?"

कृष्णकांत सरांनी कपाळाला हात लावला. वाकणकर हसले. "माझी प्रकृती उत्तम आहे. रोज फिरायला जातो."

"प्रकृती नाही विचारली, सर."

मग त्यांनी माझा प्रस्ताव खाली ठेवला. "ही गेल्यावर पुण्याला मुलीकडे गेलो होतो. चार दिवसांत परत आलो. तिथं करमेना. इथं... इथं अजून जेवायला दोन ताटं काढतो. मग एक परत ठेवतो."

मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, पुढचं विचारायचा मोहही आवरेना.

"जेवण जातं का, सर?"

"नाही जात," ते म्हणाले. मग कृष्णकांत सरांकडे वळले. "विषय मंजूर करा."

मी आनंदानं उठलेच. "थँक्यू सर, येते."

"अहो, असं विचारून लगेच उठायचं नसतं," वाकणकर म्हणाले.

मी परत खाली बसले.